कावीळ दवाखान्यात दिसते, सुरुवात नळात होते

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या गल्लीत पंधरा दिवसांच्या आत चौघांना कावीळ झाली. दोन कॉलेजची मुले, एक किराणा दुकानदार आणि चौथी, बाळंतपणासाठी माहेरी आलेली सात महिन्यांची गरोदर लेक. हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली ही गोष्ट. गावाचे नाव मुद्दाम सांगत नाही, कारण सेनगाव असो, कळमनुरी असो, वसमत असो की औंढा, अशी गल्ली कुठेही सापडेल.

कोणी म्हणाले, गणपतीतला प्रसाद बाधला. कोणी पाणीपुरीच्या गाड्यावर बोट ठेवले. दोघांनी गळ्यात काविळीची माळ घातली, एकाने नाकात औषधाचे थेंब सोडून घेतले. लेकीला मात्र नांदेडला हलवावे लागले. तिथे ती अकरा दिवस होती. ती आणि बाळ दोघेही सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या अकरा दिवसांत तिच्या आईने ओट्यावर बसून काढलेल्या रात्री आम्ही सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

कारण सापडले ते दिवाळीच्या तोंडावर, आणि तेही चुकून. त्यांच्या नळाला पाणी येईनासे झाले म्हणून मिस्त्रीला बोलावले. त्याने नालीवरची फरशी उचलली. अर्ध्या इंची पाइप नालीच्या तळातून आडवा गेलेला, आणि काळ्या पाण्यात बुडालेल्या जोडावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. ट्यूब कुजून सैल झाली होती.

“हा जोड कोणी केला रे?” मी विचारले.

मिस्त्री क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “मीच केलता सर, तीन वर्षांखाली. म्हणलं होतं, पाइप नालीच्या वरून घेऊ, खर्च येईल. घरचे म्हणले, सध्या चालवून घे.” एवढे बोलून त्याने आमच्या ओट्याकडे पाहिले. “आणि सर, गल्लीत निम्म्या घरांचे पाइप असेच नालीतून गेलेत. वरून तुम्ही लोक नळाला मोटारी लावता.”

आमच्या ओट्याजवळच्या खड्ड्यात अर्ध्या एचपीची मोटार होती. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. हवेचा दाब, निर्वात पोकळी, सगळे फळ्यावर काढून दाखवले. आणि माझ्याच घरात त्या धड्याचे प्रात्यक्षिक रोज सकाळी चालू होते.

फुटक्या नळीचा धडा

उसाचा रस पिताना नळीला मधेच भोक असेल तर काय होते? आपण ओढतो तेव्हा रसाबरोबर भोकातून हवाही आत येते. आता कल्पना करा की ते भोक गटाराच्या पाण्यात बुडालेले आहे. मग तोंडात काय येईल, ते सांगायला नको.

नळाच्या पाइपात पाणी जोराने वाहत असते, तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. जोड सैल असला तरी पाणी आतून बाहेर जाते. ते वाया जाते, पण घाण आत येत नाही. पाणी बंद झाले की चित्र उलटते. पाइपातले पाणी उताराच्या घरांकडे निघून जाते, वरच्या भागात पोकळी तयार होते, आणि बाहेरचे जे असेल ते आत ओढले जाते. बाहेर कोरडी माती असेल तर हवा येते. बाहेर नाली असेल तर नाली येते. चोवीस तास पाणी असलेल्या शहरात हा धोका कमी, कारण पाइप कधी रिकामा होत नाही. आपल्याकडे पाणी दोन-चार दिवसांआड येते. म्हणजे पाइप भरलेला असतो त्याच्या कित्येक पट वेळ रिकामा असतो.

त्यात मोटार लावली की पाणी चालू असतानाही पोकळी तयार होते. एका घराने मोटार लावली की शेजारच्याच्या नळाची धार बारीक होते, मग तोही लावतो. दहा मोटारी एकाच पाइपावर ओढू लागल्या की गल्लीतला प्रत्येक सैल जोड म्हणजे त्या उसाच्या रसाच्या नळीचे भोक. आपण मोटार लावून शेजाऱ्याचे पाणी पळवतो, एवढेच आपल्याला वाटते. खरे तर आपण शेजाऱ्याच्या नालीतले पाणीही ओढून घेत असतो, आपल्या टाकीत आणि त्याच्याही हंड्यात.

मला आठवले, श्रावणात दोन दिवस नळाला गढूळ, वासाचे पाणी आले होते. आम्ही त्यात तुरटी फिरवली, गाळ खाली बसला, पाणी नितळ दिसू लागले आणि विषय संपला. तुरटीने गाळ बसतो, रोगजंतू मरत नाहीत, हेही मीच मुलांना शिकवत आलो होतो.

पाच आठवड्यांचे अंतर

पाण्यातून पसरणारी कावीळ बहुतेक वेळा हेपेटायटिस ए किंवा हेपेटायटिस ई या विषाणूंमुळे होते. मोठ्या माणसांत साथ आली तर आपल्या देशात बहुधा ई हा विषाणू असतो. रुग्णाच्या विष्ठेतून तो गटारात जातो आणि गटारातून पाण्यात. पण दूषित पाणी प्याल्यावर तो लगेच दिसत नाही. दोन ते दहा आठवडे, बहुधा पाच-सहा आठवडे तो शरीरात गुपचूप राहतो. श्रावणात प्यालेले पाणी भाद्रपदाच्या अखेरीला डोळ्यांत पिवळे होऊन उतरते. तोवर नळाला पुन्हा स्वच्छ पाणी येऊ लागलेले असते, त्या दोन दिवसांची आठवण पुसलेली असते, आणि दोष जातो प्रसादावर किंवा पाणीपुरीवर. पाइप सुटतो.

बहुतेक निरोगी माणसे या काविळीतून विश्रांती घेऊन बरी होतात. म्हणूनच माळ घालणाऱ्याला माळेचा गुण आला असे वाटते. गरोदर बाईची गोष्ट वेगळी. शेवटच्या तीन महिन्यांत हेपेटायटिस ई झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस स्त्रिया दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या घरात गरोदर बाई आहे, त्या घरात नालीतला जोड ही किरकोळ दुरुस्ती राहत नाही. आणि गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले, तर माळवाल्याकडे एक दिवसही घालवू नये.

देशाने याचा मोठा धडा १९५५-५६ मध्ये दिल्लीत घेतला. यमुनेतले सांडपाणी शहराच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत पोहोचले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. आपल्या राज्यात २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले, तेव्हा तपासाचे बोट पुन्हा पाण्याकडेच गेले. लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरने १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाभोवतीचे कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडून दाखवले, त्याला आता पावणेदोनशे वर्षे होत आली. रुग्ण कुठे राहतो आणि पाणी कुठून येते, हे एकत्र पाहायचे, एवढीच त्याची युक्ती होती. आपण अजूनही ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ करत राहतो.

काळ्या मातीचा हट्ट

आपल्या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे, ती पायाखालची. कयाधू आणि पूर्णेच्या काठची काळी कसदार माती हळदीला, कापसाला, सोयाबीनला मानवते, पण पाइपला मानवत नाही. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दरवर्षी हे वर-खाली होणे पाइपच्या जोडांवर येते. प्लास्टिकचा पाइप मधे सहसा तुटत नाही, तो एल्बोजवळ, सॉकेटजवळ सुटतो. म्हणून काळ्या मातीत पाइप टाकताना चराच्या तळाला वाळू किंवा बारीक मुरूम पसरायचा, पाइपच्या चारही बाजूंनी तोच भरायचा आणि मग वर माती लोटायची. चर खणला, पाइप फेकला, काळी ढेकळे वर ढकलली की काम झपाट्याने होते, पण दोन उन्हाळ्यांत जोड सुटतो.

शोषखड्ड्याचेही तसेच. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून सांडपाणी जमिनीत जिरवले आणि उघड्या नाल्यांची गरजच संपवली. नालीच नसेल तर नळाचा पाइप नालीतून जाणार कसा? उपाय उत्तम आहे. पण काळ्या चिकण मातीत पाणी जिरत नाही. खड्डा मुरमाच्या थरापर्यंत नेला नाही तर तो शोषखड्डा न राहता डबके होतो आणि पहिल्याच पावसात उलट्या दिशेने भरतो. पिण्याच्या पाण्याच्या बोअरपासून, विहिरीपासून तो साधारण पन्नास-साठ फूट तरी लांब हवा. आपल्या काळ्या खडकाला भेगा असतात, त्या भेगांतून घाण पाणी न गाळता सरळ खाली उतरते.

मोरीचा वास काय सांगतो

आता घराच्या आत येऊ. “मोरीतून वास येतो, झुरळे येतात” ही तक्रार घरोघरी असते. त्यावर फिनेल आणि डांबरगोळ्या हा उपाय ठरलेला. पण वास येतो याचा अर्थ गटार आणि घर यांच्यामधला दरवाजा उघडा आहे.

तो दरवाजा पाण्याचा असतो. जाळीखाली एक वाकडे भांडे बसवलेले असते. त्यात दोन इंच पाणी कायम साचून राहते. सांडपाणी पुढे जाते, पण गटारातला वायू, किडे, जंतू त्या पाण्यातून मागे येऊ शकत नाहीत. संडासच्या भांड्याच्या तळाशी दिसणारे पाणीही त्याचसाठी. या भांड्याला देशभरातल्या स्थापत्यशास्त्राच्या पुस्तकांत ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या न्हाणीचा शब्द सगळ्या देशात गेला, आणि आपल्याच न्हाणीत ते भांडे अनेकदा नसते! शे-दोनशे रुपये वाचवायला कोणी ते बसवत नाही, कोणी तुंबले म्हणून लोखंडी सळई घालून फोडते. आणि उन्हाळ्यात घर महिनाभर बंद राहिले की त्यातले पाणी आटून जाते. गावाहून आल्यावर दार उघडताच येणारा वास तो हाच. उपाय तांब्याभर पाण्याचा आहे. क्वचित वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक मोरीत, संडासात आठवड्यातून एकदा पाणी ओतायचे.

हे क्षुल्लक वाटत असेल तर हाँगकाँगची गोष्ट ऐका. २००३ च्या मार्चमध्ये सार्सची साथ होती, तेव्हा ‘अमॉय गार्डन्स’ नावाच्या एकाच वसाहतीत तीनशेहून अधिक लोक आजारी पडले. तपासात दिसले की अनेक न्हाणीघरांच्या जाळीखालच्या ट्रॅपमधले पाणी आटले होते. एका रुग्णाच्या विष्ठेतला विषाणू सांडपाण्याच्या पाइपातून तुषारांच्या रूपाने इतर घरांत शिरला, त्याला हीच वाट मिळाली. दारे-खिडक्या बंद करून बसलेल्या माणसांना रोग मोरीतून आला.

संडासच्या टाकीवरचा व्हेंट पाइपही असाच दुर्लक्षित. त्याच्या तोंडाला जाळी बांधली नाही, तर घाण पाण्यातले डास तिथूनच हजारोंनी बाहेर पडतात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला झाकण नसेल, तर डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात तिथे वाढतो. वीतभर जाळी आणि एक झाकण, दोन्ही मिळून एका पेट्रोलच्या टाकीएवढाही खर्च नाही.

तुंबलेल्या मोरीत काय ओतू नये

मोरी तुंबते ती तेल, चहाची पत्ती, शिळा भात आणि केस यांनी. त्यात आपले बोअरचे पाणी जड. त्यातल्या कॅल्शियमबरोबर साबणाची चिकट साय बनते, ती केसांना धरते आणि पाइपच्या आत थर चढतो. पहिला उपाय हाताचा: जाळी काढून केस ओढून काढणे, मग रबरी पंपाने आठ-दहा झटके देणे. गरम पाणी चालते, पण उकळते नको. प्लास्टिकचा पाइप त्याने मऊ पडतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस पाहायला छान वाटतो. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात, शेवटी उरते ते जवळजवळ खारट पाणीच.

खरा धोका ॲसिडचा आणि कॉस्टिक सोड्याचा. कॉस्टिक पाण्यात पडताच प्रचंड तापते, ते उसळून डोळ्यांत गेले तर दृष्टी जाऊ शकते. संडास साफ करायचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो फुप्फुसे जाळतो. एक ओतून उपयोग झाला नाही म्हणून दुसरे ओतणारे लोक मी पाहिले आहेत. आणि एक गोष्ट फार कमी लोक करतात: ॲसिड ओतूनही मोरी उघडली नाही की मिस्त्रीला बोलावतात आणि त्याला सांगत नाहीत. तो बिचारा उघड्या हाताने जाळी काढतो, तोंड खाली करून आत पाहतो. काय ओतले, कधी ओतले, हे दारातच सांगायला हवे.

मैल्याच्या टाकीत माणूस नको

नळाच्या गळतीने पाणी जाते, नालीच्या जोडाने आजार येतो. संडासच्या टाकीने मात्र दोन मिनिटांत जीव जातो. २०२३ च्या मे महिन्यात आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँक साफ करताना पाच मजुरांचा मृत्यू झाला. अशा घटनांत बहुधा एकच क्रम असतो. पहिला उतरतो, पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड, मिथेन साचतो, प्राणवायू नसतो. हायड्रोजन सल्फाइड थोडा असेल तर सडक्या अंड्यांचा वास येतो. पण त्याचे प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. म्हणजे “आता वास येत नाही, उतर” असे म्हणतो तो क्षण सर्वांत घातक असू शकतो. पेटती काडी टाकून पाहणे तर आणखी भयंकर. मिथेन पेट घेतो.

२०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात, टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. उतरवणारा घरमालक असला तरी. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. पण भरपाईने माणूस परत येत नाही. टाकी ओसंडायची वाट न पाहता दोन-तीन वर्षांनी उपसा करणाऱ्या गाडीकडून ती रिकामी करून घ्यायची आणि नळी आत सोडायची, माणूस नाही. “पाचशे जास्त घे, पण उतर” हे वाक्य आपल्या तोंडून कधीही निघता कामा नये.

मिस्त्रीला काय म्हणायचे

आता माझे मुख्य म्हणणे. आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाख लोक होते आणि त्यातले बहुसंख्य खेड्यांत राहतात. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले. त्याआधी स्वच्छ भारत अभियानातून घरोघरी संडास झाले. म्हणजे दहा-बारा वर्षांत खेड्यापाड्यांतल्या घरांत किती पाइप, किती जोड, किती टाक्या आल्या याचा विचार करा. हे सगळे बसवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस मात्र आपण तयार केला नाही. तो बहुधा शाळा सुटलेला पोरगा असतो, दुसऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली शिकलेला. त्याचा हात चांगला असतो, पण पाण्याचा पाइप मैल्याच्या पाइपच्या वर का हवा, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

डॉक्टरला आपण पदवी विचारतो, औषध दुकानात फार्मासिस्टचा परवाना भिंतीवर लागतो. ज्याच्या हातात सगळ्या गल्लीचे पिण्याचे पाणी आहे, त्याला मात्र आपण फक्त “किती घेशील?” एवढेच विचारतो. माझ्या मते नळाचा मिस्त्री हा आशाताई आणि जलसुरक्षक यांच्यासारखाच आरोग्यरक्षक आहे. आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. गावातल्याच लोकांना नळ, पंप, विजेचे काम शिकवण्याची ‘नल जल मित्र’ योजना आहे. त्याकडे मुलांनी वळावे असे वाटत असेल, तर त्या कामाला मान आणि दाम दोन्ही द्यावे लागतील. कामात मुरलेल्या मिस्त्रींसाठी पालिकेने आणि पंचायत समितीने आठवडाभराचे वर्ग घ्यावेत, उत्तीर्ण झालेल्यांची यादी कार्यालयाबाहेर लावावी, आणि मुख्य पाइपवरून जोड देण्याचे काम त्या यादीबाहेरच्या कोणी करू नये.

ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्रोताच्या पाहणीनंतर लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. चांगली पद्धत आहे. पण विहीर हिरवी आणि गल्ली लाल असे होऊ शकते. टाकीत टीसीएल पावडर बरोबर पडली, पण शेवटच्या घराच्या नळाला ओटी टेस्टमध्ये क्लोरीन दिसले नाही, तर मधे कुठेतरी नाली आत येत आहे असे समजायला हवे. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असे भारतीय मानक सांगते. ही तपासणी टाकीखाली नको, गल्लीच्या शेवटच्या घरात करा, एवढीच मागणी आहे.

“मोटार लावली नाही तर पाणीच येत नाही,” हे लोकांचे म्हणणे खोटे नाही. टोकाच्या घराला, उंचावरच्या घराला धार येत नाही, हे मी मान्य करतो. पण मार्ग आहे. नळाच्या पातळीखाली हौद किंवा ड्रम पुरा, नळाचे पाणी त्यात आपोआप पडू द्या आणि मोटार त्या हौदावर लावा, नळावर नाही. पाणी तेवढेच मिळते, थोडा वेळ लागतो, शेजाऱ्याची नाली मात्र आत येत नाही. आणि सर्वांना सारखा दाब मिळेल असे व्हॉल्व्हचे वेळापत्रक देणे ही पाणी देणाऱ्याची जबाबदारी आहे. कराडजवळच्या मलकापूरसारख्या छोट्या गावाने चोवीस तास पाणी देऊन दाखवले, ओडिशातल्या पुरी शहराने २०२१ मध्ये नळाचे पाणी थेट पिण्याजोगे केल्याचे जाहीर केले. हे अशक्य नाही.

आणि गळती. दहा मिनिटांत दोनशे मिलीचा एक पेला भरेल इतकीच तोटी गळत असेल, तर दिवसाला २९ लिटर जातात. माणशी ५५ लिटरच्या हिशोबात हा अर्ध्याहून जास्त माणसाचा वाटा झाला. वर्षाचा हिशोब साडेदहा हजार लिटर, म्हणजे जवळपास एक टँकर. आणि बहुतेक वेळा दोष असतो एका वॉशरचा.

येत्या रविवारी

आमच्या गल्लीत काय झाले ते सांगून थांबतो. त्या घराचा पाइप आता नालीच्या वरून, जाड लोखंडी पाइपच्या आतून गेला आहे. मिस्त्रीने ट्यूबचा तुकडा माझ्या हातात दिला, “वर्गात दाखवायला ठेवा” म्हणाला. मी माझी मोटार नळावरून काढून हौदावर बसवली. त्याने मागितले तेवढे पैसे दिले, घासाघीस केली नाही. गल्लीतल्या आणखी सात घरांनी पाइप वर घेतले. पाच घरे अजून “बघू” म्हणतात.

तुमच्याकडे सांगण्यासारखे एवढेच. येत्या रविवारी घरापुढच्या नालीवरची फरशी उचला आणि तुमचा नळ कुठून येतो ते डोळ्यांनी पाहा. पाइप घाण पाण्यात बुडालेला असेल, जोडावर ट्यूब किंवा चिंधी असेल, तर तो बदलेपर्यंत पिण्याचे पाणी खळखळून उकळा, आणि नळ आल्यावरची पहिली काही मिनिटे पाणी अंगणात सोडा. मग मिस्त्रीला बोलावा. काम झाल्यावर भिंत, फरशी बंद करायच्या आधी पाणी सोडून सगळे जोड तपासायला सांगा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी कोणी भलत्याच जागी छन्नी मारणार नाही. आणि तो म्हणाला, “पाइप वरून घेऊ, खर्च येईल,” तर “सध्या चालवून घे” असे म्हणू नका. आमच्या गल्लीत ते एकदा म्हणून झाले आहे.